ओटीवरून : दंडाची पट्टी आणि वाराचें जेवण

माझ्या धाकट्या बंधूची कन्या आहारशास्त्राची पदवी घेऊन गेल्या ज्येष्ठांत घरीं परतली, तेव्हां तिच्या पिशवींत पुस्तकांबरोबर एक चिंचोळी, गुळगुळीत पट्टी होती. शिंप्याच्या मापपट्टीची धाकटी बहीण म्हणावी अशी. पण तिच्यावर तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग. मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्याभोंवतीं ती गुंडाळावयाची, टोंक फटींतून ओवून घ्यावयाचें आणि खुणेपाशीं कोणता रंग येतो तें पाहावयाचें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस हें एकच माप चालतें. साडेअकरा सेंटिमीटरांच्या आंत दंड भरला तर तांबडा रंग. त्याचा अर्थ मूल जिवावरच्या कुपोषणांत आहे. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढें हिरवा. तराजू नको, उंची मोजावयाची फळी नको, अक्षरओळखही फारशी नको.

माझा दीड वर्षांचा नातू ओटीवर रांगत होता. त्याचा दंड मोजला तो साडेपंधरा भरला. सर्वांनीं कौतुक केलें. मग तिनें पट्टी मोकळीच अकरावर आणून तें रिकामें कडें माझ्या मातोश्रींच्या हातीं दिलें आणि म्हणाली, “आजी, एवढा दंड असलेलीं मुलं अजून सांपडतात.” आईचें वय आतां पंच्याऐंशी आहे, नजर मंद झाली आहे, ती पुष्कळ वेळ तें कडें बोटांनीं चांचपत राहिली. नंतर तिनें स्वयंपाकघरांतून लाटणें मागविलें आणि पट्टी त्याभोंवतीं गुंडाळून पाहिली. लाटण्याचा मधला फुगीर भाग त्या कड्यांत मावेना.

त्याच बैठकीस मुलीनें आपला बेत सांगितला. पावसाळ्याचे चार महिने ती एका संस्थेबरोबर मेळघाटांत जाणार होती.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याच्या रांगांत वसलेले, बहुतांश वस्ती कोरकू लोकांची. १९९३ सालीं तेथील बालमृत्यूंची हकीकत वृत्तपत्रांतून बाहेर आली, मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें प्रकरण गेलें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांत “मेळघाट” हा शब्द भुकेचा पर्याय होऊन बसला. तेथें पावसाळा हाच वाईट काळ. घरांतील कोदो-कुटकी संपत आलेली, मजुरीचें काम थांबलेलें, ओढ्यांना पूर आल्यानें कित्येक पाडे तुटलेले, आणि त्यांतच मुलांना ताप आणि हगवण. पुण्याच्या “मैत्री” या संस्थेनें १९९७ पासून याच दिवसांत शहरांतील तरुणांच्या तुकड्या, दहा-दहा दिवसांच्या पाळीनें, तेथें पाठविण्याचा उपक्रम चालविला तो याच कारणानें. त्याच्याही पूर्वीं, १९८० नंतरच्या दशकांत, डॉ. रवींद्र कोल्हे हे तरुण वैद्यकीय पदवीधर बैरागड येथें जाऊन राहिले. औषधानें बरें होण्यासाठीं पोटांत आधीं अन्न असावें लागतें हें ध्यानांत आल्यावर त्यांनीं आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं शेतीच्या प्रयोगांकडे लक्ष वळविलें. २०१९ सालीं उभयतांस पद्मश्री मिळाली.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरी पण घरांतील मुलगी जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “कशाला?” हाच.

एकत्र कुटुंबांत असा प्रश्न एकट्याचा राहत नाहीं. धाकटी वहिनी म्हणाली, दोन स्थळें सांगून आलीं आहेत, पावसाळ्यांत पाहण्याचा कार्यक्रम ठरवावयाचा होता. बंधु म्हणाला, “दादा, तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकेल.” आईचा मुद्दा वेगळा आणि माझ्या मतें सर्वांत विचार करण्याजोगा होता. ती म्हणाली, “भुकेल्याला वाढावं, यांत वाद काय? पण तें घरीं बसूनही होतं. दत्ताच्या देवळांत गुरुवारीं प्रसाद असतो, तिथं वाढायला जा. तुझे आजोबा वारावर जेवून शिकले. त्यांनीं कधीं सरकारकडे अर्ज केला नाहीं.”

तरुण वाचकांस वार म्हणजे काय हें सांगावें लागेल. गरीब विद्यार्थी परगांवीं शिकावयास गेला म्हणजे सात घरें धरी. सोमवारीं एका घरीं जेवण, मंगळवारीं दुसऱ्या, याप्रमाणें आठवडा भरे. या चालीवर आपल्या समाजांतील किती विद्वान्, वकील आणि शिक्षक वाढले याची गणना नाहीं, आणि आपण तिचा अभिमान बाळगतों. माझे वडील १९४० च्या सुमारास असेच शिकले. पुढें नोकरींत स्थिर झाल्यावरही ते दर मंगळवारीं उपास करीत. घरांत सर्वांची समजूत कीं तो गणपतीचा. आईचीही तीच समजूत.

वडिलांनीं खरी गोष्ट मला एकट्याला, त्यांच्या अखेरच्या आजारांत सांगितली होती. त्या संध्याकाळीं ओटीवर मीं ती प्रथमच उच्चारली. मंगळवारचें जें घर होतें त्यांतील कर्ता पुरुष वारला, बिऱ्हाड गांवीं गेलें आणि तो वार सुटला. दुसरें घर मिळेपर्यंत सुमारें वर्ष गेलें. त्या वर्षीं मंगळवारीं ते उपाशीं वर्गांत बसत आणि, त्यांच्याच शब्दांत, मंगळवारीं त्यांचें गणित सुटत नसे. कोणाकडे तोंड वेंगाडावें? वार हा कोणाचा हक्क थोडाच होता! बुधवारच्या घरीं “काल जेवलास का?” असें कोणीं विचारलें नाहीं आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. पुढें आयुष्यभर मंगळवारीं त्यांना अन्न गोड लागेना, म्हणून उपास.

आई कांहीं बोलली नाहीं. लाटणें अजून तिच्या मांडीवर होतें.

मुलगी मात्र हळूच म्हणाली, “मोठे काका, त्या मंगळवारासाठींच तर सगळं चाललं आहे.”

तिच्या बोलण्याचा रोख मला तेव्हां पुरता कळला नाहीं. नंतर कांहीं दिवस तिनें आणून दिलेले कागद वाचले तेव्हां कळला, आणि तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा म्हणूनच या महिन्यांत इतर विषय बाजूस सारले आहेत.

२००१ सालीं राजस्थानांत लागोपाठ दुष्काळाची वर्षें चाललीं होतीं. त्याच वेळीं देशाच्या सरकारी कोठारांत सुमारें सहा कोटी टन धान्य सांठलें होतें. इतकें कीं कोठारें पुरेनात, पोतीं उघड्यावर रचून तीं सडूं लागलीं. जयपूरजवळील अशाच एका कोठारापासून कांहीं कोसांवर असलेल्या वस्तींत कार्यकर्त्यांना आढळलें कीं लोक पाळीपाळीनें जेवत आहेत. आज घरांतील अर्ध्यांनीं जेवावयाचें, उद्यां उरलेल्यांनीं. म्हणजे हाही वारच. फरक इतकाच कीं येथें घरें फिरत नव्हतीं, उपासच घरांतल्या घरांत फिरत होता. त्या वर्षींच्या एप्रिल महिन्यांत लोकस्वातंत्र्य संघटनेच्या राजस्थान शाखेनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्याचें म्हणणें सरळ होतें: राज्यघटनेनें जगण्याचा हक्क दिला आहे, अन्नावांचून जगतां येत नाहीं, कोठारांत अन्न आहे, मग तें माणसापर्यंत कां जात नाहीं?

२८ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें जो हुकूम दिला, त्यानें रेशनिंग, अंगणवाडी, शाळेंतील भोजन, वृद्धांचें वेतन इत्यादि आठ योजनांचें रूपच पालटलें. त्या पूर्वींही होत्या. पण सरकारच्या मर्जीच्या होत्या. आतां त्या नागरिकाच्या हक्काच्या झाल्या. शाळेपुरतें बोलावयाचें तर प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेंत मुलांस शिजविलेलें ताजें अन्न, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनें असलेलें, वर्षांतून निदान २०० दिवस मिळालें पाहिजे, असें न्यायालयानें सांगितलें.

परंतु हुकूम निघाला म्हणून चूल पेटत नसते. कित्येक राज्यांनीं पैसा नाहीं, भांडीं नाहींत, अशीं कारणें पुढें केलीं. येथें तरुण मंडळी उपयोगी पडली. ९ एप्रिल २००२ रोजीं अनेक राज्यांत कार्यकर्त्यांनीं चौकांत आणि कचेऱ्यांसमोर मुलांच्या पंगती मांडल्या आणि सरकारनें जें करावयाचें तें स्वतः करून दाखविलें. सरकारास लाज वाटावी हाच हेतु, आणि ती कांहीं ठिकाणीं वाटली. पुढल्या काळांत राजस्थान, छत्तीसगड आणि कर्नाटक या तीन राज्यांतील ८१ शाळांची पाहणी झाली, तींत एका वर्षांत पहिलीच्या पटावरील संख्या १५ टक्क्यांनीं वाढलेली दिसली, आणि मुलींची त्याहूनही अधिक.

या चळवळीचा एक मोठा आधार म्हणजे ज्याँ द्रेझ हे अर्थशास्त्रज्ञ. जन्म बेल्जियममध्यें, अध्ययन दिल्लींत, २००२ पासून भारताचे नागरिक. उन्हाळ्याच्या सुटींत विद्यापीठांतील मुलामुलींना खेड्यांत नेऊन त्यांच्याकडून घरोघर पाहणी करवावयाची, ही त्यांची रीत. कार्डावर काय लिहिलें आहे आणि घरांत प्रत्यक्ष काय आलें आहे, हें दोन्ही मांडून पाहावयाचें. २०११ च्या उन्हाळ्यांत नऊ राज्यांतील शंभराहून अधिक खेड्यांत विद्यार्थ्यांनीं रेशनची अशी पाहणी केली. रेशनचें सर्व धान्य चोरीसच जातें अशी शहरी समजूत होती, माझीही होती. ती सरसकट खरी नाहीं असें दिसून आलें. छत्तीसगडानें २००४ नंतर खासगी दुकानदारांकडून दुकानें काढून ग्रामपंचायती, बचतगट अशांच्या हातीं दिलीं, तेथें धान्य बरेंच नीट पोहोंचत होतें. जें एका राज्यास साधतें तें दुसऱ्यास कां नाहीं, असा प्रश्न दिल्लींत विचारतां आला तो या मुलांच्या वह्यांवरून. २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला. ग्रामीण भागांतील ७५ आणि शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशीं दरमहा पांच किलो धान्य हा कायद्याचा हक्क ठरला. जानेवारी २०२३ पासून त्या धान्यास मोलही द्यावें लागत नाहीं.

आपणां महाराष्ट्रीयांना या कथेंत मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं आपल्या भागांत मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळांत तो सर्व राज्यांत पसरला आणि १९७७ सालीं त्याचा कायदा झाला. २००५ सालीं देशानें जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचें मूळ येथें आहे. मात्र कायद्याचें मूळ आपल्याकडे आणि बालमृत्यूही आपल्याकडे, हें कोडें तसेंच राहतें.

आतां माझ्या स्वतःच्या शाळेची गोष्ट. ती सांगणें मला सोपें नाहीं.

मी जेथें शिक्षक होतों त्या खेड्यांत १९९५ पासून मुलांस महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत असे, ऐंशी टक्के हजेरी असेल तर. महिनाअखेर पालक पिशव्या घेऊन रांगेंत उभे राहत आणि आम्ही शिक्षक वाण्याप्रमाणें तराजू धरून बसत असूं. तो तांदूळ घरांतील सर्वांच्या ताटांत जाई. मुलाच्या वाट्यास किती येई तें देव जाणे. न्यायालयाच्या हुकुमानंतर २००३ मध्यें शाळेंतच खिचडी शिजूं लागली. मीं तेव्हां या प्रकारास नाकें मुरडलीं. शाळेची खाणावळ झाली, अध्यापनाचे तास चुलींत गेले, असें मीं शिक्षकांच्या सभेंत मोठ्या आवेशानें बोललों होतों. टाळ्याही मिळाल्या. वडिलांच्या मंगळवारच्या गणिताची गोष्ट तोंवर मला ठाऊक झालेली होती; पण माणसाला दोन गोष्टी एकाच वेळीं ठाऊक असूनही त्या एकमेकींस भेटत नाहींत.

२० एप्रिल २००४ च्या हुकुमांत न्यायालयानें सांगितलें कीं स्वयंपाकाच्या कामीं दलित आणि आदिवासींस प्राधान्य द्यावें. पुढल्या वर्षीं आमच्या शाळेंत दलित वस्तींतील एका विधवा बाईंची नेमणूक झाली. दुसऱ्या दिवसापासून पंगतींतील अकरा मुलें डबा घेऊन येऊं लागलीं. मीं त्यांच्या पालकांस बोलावून कायदा समजावून सांगितला, चांगला कडक शब्दांत सांगितला.

परंतु मुलांना वाढण्यापूर्वीं एका शिक्षकानें अन्न चाखावें असा नियम होता आणि ज्येष्ठ म्हणून तें काम माझें होतें. सोमवारीं मीं म्हटलें, आज सोमवार. मंगळवारीं म्हटलें, पोट बरें नाहीं. बुधवारीं दुसऱ्या शिक्षकास पाठविलें. मी सोवळेंओवळें मानीत नाहीं असें मी स्वतःस सांगत असें, आणि तें खोटेंही नव्हतें. हात मात्र वाटीकडे जात नव्हता. गुरुवारीं त्या बाई वाटी घेऊन माझ्या खुर्चीशीं आल्या आणि अगदीं साध्या आवाजांत म्हणाल्या, “गुरुजी, आज पण उपास हाय का?”

अकरा मुलें दारांतून पाहत होतीं. मीं वाटी घेतली. खिचडींत मीठ थोडें कमी होतें. तसें मीं सांगितलें, त्यांनीं घातलें. त्या अकरांपैकीं सात मुलें त्याच आठवड्यांत पंगतीस बसलीं, राहिलेलीं हळूहळू आलीं. दोघें शेवटपर्यंत आलीं नाहींत. त्या बाईंनीं पुढें पुष्कळ वर्षें तें काम केलें. २००९ सालीं केंद्र सरकारनें स्वयंपाकिणींचें मानधन महिन्यास १००० रुपये ठरविलें, आणि तेंही वर्षांतील दहा महिने. उन्हाळ्याच्या सुटींत त्यांची चूल कशी चाले हें मीं कधीं विचारलें नाहीं.

एका संशोधनाचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, तो मुलीनें मला मुद्दाम वाचावयास दिला. ज्या मुलींना शाळेंत असतांना हें भोजन मिळालें, त्या पुढें माता झाल्यावर त्यांचीं मुलें, तें न मिळालेल्यांच्या मुलांपेक्षां, उंचीस कमी खुंटलेलीं निघालीं. मी जिला “खाणावळ” म्हणत होतों तिचें फळ दुसऱ्या पिढीच्या हाडांत उतरलें होतें. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शंभर मुलांत सुमारें पसतीस मुलें वयाच्या मानानें खुजीं आहेत, हेंही त्याच कागदांत होतें.

येथें एका अवघड विषयास हात घालतों. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें शाळेच्या भोजनांत आठवड्यास एक अंडें देण्याचा निर्णय घेतला, न खाणाऱ्यांस फळ. आणि २०२५ च्या आरंभीं त्यासाठीं लागणारा पैसा काढून घेतला. आमच्या घरांत अंडें येत नाहीं, पुढेंही येणार नाहीं. परंतु ज्या घरांत तें खाल्लें जातें आणि विकत घेणें परवडत नाहीं, त्या घरच्या मुलाच्या ताटांतून तें आपल्या रुचीसाठीं उचललें जावें, हें मला कोणत्याही शास्त्राधारें पटवून घेतां येत नाहीं. या वाक्यावर पत्रें येतील हें जाणून लिहीत आहें.

मुलगी जावी असें माझें मत होत आलें होतें, तोंच त्या कागदांत मला पलामूची हकीकत सांपडली, आणि मी पुन्हां डगमगलों.

झारखंडांतील पलामू जिल्ह्यांत ललित मेहता नांवाचे छत्तीस वर्षांचे स्थापत्य अभियंते लोकांच्या अन्नाच्या आणि रोजगाराच्या हक्कासाठीं काम करीत असत. २००८ च्या मे महिन्यांत दिल्लीच्या विद्यापीठांतील विद्यार्थी द्रेझ यांच्याबरोबर तेथें आले होते. रोजगार हमीच्या हजेरीपटांवरील नांवें घेऊन गांवोगांव फिरावयाचें, ज्याच्या नांवावर मजुरी पडली आहे त्यानें खरोखर काम केलें का, पैसा त्याच्या हातीं पोहोंचला का, हें विचारावयाचें, आणि शेवटीं सर्व गांवासमोर हिशेब वाचावयाचा. ही जनसुनावणीची रीत राजस्थानांतील मजदूर किसान शक्ति संघटनेनें १९९४ पासून पाडलेली. वाचावयास हें निरुपद्रवी वाटतें. परंतु हजेरीपटावर खोटीं नांवें कोणीं घातलीं हें चव्हाट्यावर वाचलें जाणें सर्वांनाच मानवत नाहीं. १४ मे रोजीं मोटरसायकलवरून परत येतांना वाटेंतील जंगलांत ललित मेहता यांचा खून झाला.

विद्यार्थी तेथेंच होते. पाहणी त्यांनीं पुरी केली, आणि त्याच महिन्यांत छतरपूर येथें जनसुनावणी झाली.

मीं तो कागद दोन दिवस दडवून ठेविला. कोणास दाखवावा? वहिनीस दाखविला तर जाणें बंद. न दाखवावा तर तें आईबापांची फसवणूक. शेवटीं मीं मुलीसच विचारलें, हें तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, “कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. म्हणून तर कागद सगळे तुमच्याकडे दिले, मोठे काका. आईबाबांना तुम्हीं सांगावं असं मला वाटत होतं.” हा डाव माझ्या ध्यानांत आला नव्हता हें कबूल करतों. पसतीस वर्षें मुलांना पढविलें, आणि घरांतल्या मुलीनें मला वर्गांत बसविलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं बंधु आणि वहिनीस सर्व सांगितलें. मेळघाटांतील तिचें काम हिशेब तपासण्याचें नाहीं, दंड मोजण्याचें आहे, हेंही सांगितलें. पण मोजलेल्या दंडाची यादी कधीं ना कधीं कोणाच्या तरी नोंदवहीशीं ताडून पाहिली जातेच, हें लपविलें नाहीं. अंगणवाडीच्या वहींत हिरवें असलेलें मूल पट्टीवर तांबडें निघालें तर कोणाला तरी उत्तर द्यावें लागणार. बंधु उठून अंगणांत गेला. वहिनी बराच वेळ भांडीं पालथीं घालीत राहिली, मग म्हणाली, “तिकडे पावसांत अंथरूण कोरडं राहतं का, तेवढं विचारा.” आई आंतून म्हणाली, “मंगळवारीं निघूं नये. बुधवारीं निघूं दे.”

ती बुधवारीं निघाली. पाहण्याचे कार्यक्रम पुढें ढकलले. त्यांतील एका स्थळानें त्याच कारणानें नकार कळविला, तो बरा झाला असें माझें मत, वहिनीचें अजून झालेलें नाहीं.

दहा दिवसांची हौस म्हणून जाऊन छायाचित्रें काढून परतणारीं मुलेंही मीं पाहिलीं आहेत. त्यांच्याविषयीं मला फारशी आस्था नाहीं. ही कशी निघते तें चार महिन्यांनीं कळेल. तूर्त तिचा दूरध्वनि आठवड्यांतून एकदां येतो, कारण डोंगरावर चढून गेल्यावांचून लागत नाहीं. तिच्या बोलण्यांतील एक गोष्ट मला नवीन होती. मी संस्कृत शिकवितांना मुलांस सांगत असें कीं भुकेस “बुभुक्षा” हा एक शब्द आहे. भुज् धातूचें इच्छार्थक रूप, खाण्याची इच्छा, जशी पिण्याची इच्छा ती पिपासा. मुलगी सांगते कीं फार खंगलेल्या मुलाची बुभुक्षाच मरते. पुढें घांस केला तरी तें तोंड फिरवितें, रडतही नाहीं. म्हणून तांबडा रंग निघालेल्या मुलास आधीं थोडें खाऊं घालून पाहतात. खाल्लें तर गांवांतच उपचार, न खाल्लें तर तांतडीनें रुग्णालय. आणि रुग्णालयांत न्यावयाचें कीं नाहीं हें आई ठरवीत नाहीं, बाप ठरवीत नाहीं. घरांतील म्हातारी ठरविते. म्हणून ही मुलगी सकाळीं दंड मोजते आणि दुपारीं म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसते. कोरकू बोलींतील कांहीं शब्द ती शिकली आहे. आमच्या आईस याचें विशेष वाटलें; तिनें दोनदां विचारलें, “त्या म्हाताऱ्या हिचं ऐकतात?”

परवां मात्र दूरध्वनि आला तो माझ्यासाठीं. तेथील एका शाळेंत खिचडी पातळ लागते म्हणून तिला माप तपासावयाचें होतें. “मोठे काका, पांचवीपर्यंतच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, हें मला माहीत आहे. डाळ किती? आणि तेल?” माझी जुनी वही माळ्यावर होती. नातवास कडेवर घेऊन सुनेनें शिडी धरली, मीं चढून वही काढली, झटकली आणि वाचून दाखविलें: डाळ वीस ग्रॅम, भाजी पन्नास, तेल पांच, सहावीच्या पुढें तांदूळ दीडशें, डाळ तीस, भाजी पंच्याहत्तर, तेल साडेसात. तिनें प्रत्येक आंकडा मला पुन्हां म्हणून दाखविला. मग पाऊस वाढला असावा. तिचा आवाज तुटला, आणि पुढचें वाक्य ऐकूं आलें नाहीं.